घरगुती साबणाचा सुवास का टिकत नाही?

खोबरेलापासून थंड पद्धतीने, म्हणजे कॉस्टिक सोड्याचे पाणी व कोमट तेल एकत्र घोटून, बाहेरून उष्णता न देता साबण तयार करण्याचा जोडधंदा घरच्या घरी करता येण्याजोगा आहे. त्यात एक तक्रार मात्र वारंवार ऐकू येते. साबण फेस चांगला देतो, वडीही कठीण होते. परंतु साच्यात ओततेवेळी घरभर दरवळलेला सुवास, सहा आठवड्यांनी वडी कागदात गुंडाळावयास घ्यावी तो नाहीसा झालेला असतो. काही वेळा तर सुगंधी तेल पडताच सारे मिश्रण भांड्यातच थिजून बसते आणि घाणा फुकट गेला असे समजून टाकून दिला जातो. सुगंधी तेल महाग असते. त्यामुळे असे दोन-तीन घाणे बिघडले की हंगामाचा नफा त्यातच जातो. अशा वेळी सुगंधी तेलाचे प्रमाण वाढविण्याकडे कल होतो. हा उपाय बहुधा निष्फळ ठरतो. एक किलो तेलास २५ ते ३० ग्रॅम सुगंधी तेल साधारणतः पुरेसे होते. दोष प्रमाणात नसून बहुतेक वेळा निवडीत असतो.

प्रथम मूळ तेलाची परीक्षा करावी. खवट तेलाचा वास कोणत्याही अत्तराने झाकला जात नाही. चार दिवस दबतो आणि पुन्हा वर येतो. शेंगदाणा किंवा सूर्यफूल तेलाचे प्रमाण अधिक असल्यास वडीवर नारिंगी ठिपके पडून खवटपणा येण्याचा संभव असतो. याकरिता प्रत्येक घाण्यातील थोडे मिश्रण सुगंध न घालता वेगळ्या वाटीत ओतून ठेवावे. महिन्याने त्या वडीलाही वाईट वास आल्यास दोष तेलाचा समजावा, अत्तराचा नव्हे. करंज व कडुनिंब यांच्या तेलांना स्वतःचाच उग्र वास असतो. त्यांत नाजूक सुवास मिसळणे म्हणजे पैसा वाया घालविणे होय.

आता सुगंधी तेलाकडे वळू. कॉस्टिक सोड्याचा जोर ओतल्यानंतर पहिले एक-दोन दिवस मोठा असतो आणि या काळात जो सुवास टिकाव धरील तोच पुढे राहतो. मोगरा व जाई यांच्या सुवासात बेंझिल ॲसिटेट या एस्टर वर्गातील द्रव्याचा मोठा वाटा असतो. वनस्पतिजन्य तेलेही एस्टरच होत. सोडा त्यांचे विघटन करून साबण बनवितो, त्याचप्रमाणे तो सुवासातील एस्टरही फोडतो. महागडे मोगऱ्याचे अत्तर साबणात ओळखू येत नाही याचे कारण हेच. सोडा विरघळविण्यासाठी गुलाबपाणी वापरणाऱ्यांनाही निराशा पत्करावी लागते. लिंबू, संत्रे यांच्या सालींचे तेल हलके असल्यामुळे वडी वाळेपर्यंत उडून जाते.

याउलट रोशा गवताच्या तेलात तीन-चतुर्थांशाहून अधिक भाग जेरॅनिऑलचा असू शकतो. हे अल्कोहोल वर्गातील द्रव्य सोड्याला चांगले तोंड देते व त्याचा वास गुलाबाच्या जवळचा आहे. खानदेश व निमाड या भागांतील हे तेल एके काळी मुंबई बंदरातून तुर्कस्तानाकडे जात असे आणि तेथे गुलाबाच्या अत्तरात भेसळीसाठी वापरले जाई! भेसळीचा तो इतिहास असो. साबणासाठी मात्र ते प्रामाणिक तेल आहे. खरेदी करताना मोतिया जातीचे मागावे. सोफिया जातीच्या तेलाचा वास हलक्या प्रतीचा असतो. गवती चहाचे तेल लिंबाच्या तेलापेक्षा अधिक काळ टिकते. त्याने वडीस पिवळसर छटा येते. त्यात वाळ्याचे थोडे तेल मिसळावे. ते जड व मंद उडणारे असल्याने जोडीच्या हलक्या सुवासासही धरून ठेवते.

लवंगेच्या तेलाविषयी विशेष सावधगिरी हवी. त्यातील युजेनॉल मिश्रण झपाट्याने दाट करते व वडीस काळपट रंग आणते. ते त्वचेलाही झोंबते; म्हणून किलोस ५ ग्रॅमपेक्षा अधिक घालू नये. बाजारातील स्पिरिटयुक्त सेंटनेही मिश्रण थिजते, ते अजिबात वापरू नये. सुगंधी तेल अगदी शेवटी, मिश्रण किंचित दाट होताच, हाताने ढवळून मिसळावे. यंत्राने घोटू नये. त्या वेळी मिश्रण ३५ ते ४० अंश सेल्सिअस असावे. खोबरेल सुमारे २५ अंशांखाली गोठते. त्यामुळे थंडीच्या दिवसांत घाटावर मिश्रण दाट झालेले दिसले तरी तो केवळ तेल गोठल्याचा भास असू शकतो. भांडे कोमट पाण्यात धरताच ते पुन्हा पातळ होते.

एवढे करूनही मिश्रण थिजलेच, तर पाणी ओतू नये व घाणा टाकूनही देऊ नये. हातमोजे घालून ते लाकडी पळीने साच्यात दाबून बसवावे. वडी ओबडधोबड दिसली तरी साबण उपयोगाचा असतो. ज्या वडीचा सुवास उडाला आहे, ती चार आठवड्यांनी किसून, थोड्या पाण्यासह, उकळत्या पाण्यात ठेवलेल्या दुसऱ्या भांड्यात मऊ करावी. भांडे ॲल्युमिनियमचे नसावे. खाली उतरवून, वाफ ओसरल्यावर सुगंध मिसळावा. या वेळेपर्यंत सोडा जवळजवळ सर्व खर्ची पडलेला असतो. त्यामुळे मोगऱ्यासारखा नाजूक सुवासही या रीतीने बराच टिकतो. अशा वड्या सावलीत, मसाल्याच्या डब्यांपासून दूर वाळवाव्या व पूर्ण वाळल्यानंतरच कागदात गुंडाळाव्या.