जमेची बाजू

अंदाजपत्रकाच्या सभेत भांडणं होतात ती खर्चावर. माझ्या प्रभागातला रस्ता का वगळला, त्याच्या प्रभागात दोन-दोन उद्यानं कशी, चौकातल्या कमानीला एवढे पैसे कशाला. जमेची पानं मात्र कोणी उलटत नाही. लेखापाल आकडे वाचत जातात, मागून कोणीतरी "मंजूर, मंजूर" म्हणतं आणि बाकं वाजतात. एका ब वर्ग नगरपरिषदेत नगरसेविका असताना मी हे जवळून पाहिलं. घरच्या कापडदुकानाची खतावणी लग्नानंतर माझ्याच हाती होती, त्यामुळे आकड्यांचा धाक नव्हता. पण दुकानात न आलेला पैसा जमेला धरता येत नाही. नगरपरिषदेत येतो, हे तिथे गेल्यावर कळलं.

अंदाजपत्रकाची पुस्तिका शिपाई सभेच्या आदल्या संध्याकाळी घरी टाकून जायचा. मी मालमत्ता कराच्या ओळीवर पट्टी ठेवून ती आडवी वाचायचे. आधी मागच्या वर्षांची प्रत्यक्ष जमा, मग चालू वर्षाचा मूळ अंदाज, सुधारित अंदाज आणि शेवटी पुढच्या वर्षाचा अंदाज. या शेवटच्या रकान्यात आकडा एकदम उडी मारायचा, प्रत्यक्ष जमेच्या दुप्पट, कधी त्याहूनही जास्त. लेखापालांना विचारलं तर ते हसून म्हणाले, "ताई, सगळी थकबाकी वसूल होणार असं धरलंय." का धरायचं, याचं उत्तर खर्चाच्या पानावर होतं. तरतूद असल्याशिवाय कामाला मंजुरी मिळत नाही. प्रत्येक सदस्याला आपलं काम हवं असतं. म्हणून आधी कामांची बेरीज करायची आणि मग तेवढी जमा दाखवायची. वर थोडी शिल्लक राहिली की "शिलकी अंदाजपत्रक" अशी बातमी दुसऱ्या दिवशी छापून येते.

ती थकबाकी म्हणजे नेमकं काय, हे पाहायला मी कर विभागात जाऊन मागणी रजिस्टर उघडलं. पाडून टाकलेले वाडे त्यात अजून उभे होते. वडिलांच्या नावावर एक आणि मुलाच्या नावावर दुसरी, अशी एकाच घराची दुबार नोंद होती. बंद पडलेल्या गिरणीची जागा, कोर्टात अडकलेले मोबाइल टॉवर, न देणारी सरकारी कार्यालयं आणि या सगळ्यावर दरमहा दोन टक्क्यांनी चढत गेलेली शास्ती. यातला मोठा भाग कधीच येणार नव्हता, हे टेबलावरच्या लिपिकापासून वरपर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं. पण रक्कम निर्लेखित करायची तर सही करणाऱ्यावर बालंट येतं, म्हणून ती वर्षानुवर्षं पुढे ओढली जाते आणि दरवर्षी उत्पन्न म्हणून सभेपुढे येते. माझ्या मते निम्मा घोळ इथेच आहे.

पूर्वी हे खपून जायचं, कारण जकात होती. रोज नाक्यावर रोख पैसा यायचा. नगरपरिषदांची जकात 1999 साली गेली. महापालिकांमध्ये तिच्या जागी आलेला स्थानिक संस्था कर आणि मुंबईची जकातही 2017च्या जीएसटीनंतर संपली. आता सरकार भरपाईचं अनुदान देतं, पण ते सरकार देईल तेव्हा आणि देईल तेवढं. स्वतःच्या हातात उरलेला मोठा कर एकच, मालमत्ता कर. आणि नेमक्या त्यालाच हात लावायला कोणी तयार नसतं.

आमच्याकडे फेरआकारणीचं वर्ष निवडणुकीच्या तोंडावर आलं. 1965च्या नगरपरिषद अधिनियमाप्रमाणे दर चार वर्षांनी आकारणीची नवी यादी व्हायला हवी. सगळे पक्ष एक झाले, मुंबईला शिष्टमंडळ गेलं, स्थगिती आली आणि चौकात फलक लागले, "करवाढ रोखली." मी सभेत विरोधात बोलले, पण तेव्हा ऐकायच्या मनःस्थितीत कोणी नव्हतं. पुढच्या खेपेलाही तेच झालं.

करवाढ रोखली म्हणजे गरिबाचे पैसे वाचले, असा समज असतो. प्रत्यक्षात काय होतं ते पाहा. आमच्याकडे कर भाडेमूल्यावर बसतो. घराचं वर्षाचं अपेक्षित भाडं 24,000 रुपये धरलं तर दुरुस्तीपोटी दहा टक्के वजा जाऊन करयोग्य मूल्य 21,600 होतं आणि त्यावर कराचा दर लागतो. पण हे अपेक्षित भाडं धरलं कधी, हा खरा प्रश्न. मुख्य पेठेतल्या वाड्याची आकारणी जुनी. खाली चार दुकानं चालू, तरी कर जुन्या भाड्यावर. आणि गावाबाहेर कर्ज काढून वन रूम किचन घेणाऱ्या शिक्षकाची आकारणी आजच्या भावाने. वाडेवाल्यापेक्षा तो जास्त कर भरायचा! आकारणी जितकी गोठवाल तितकी ही दरी वाढते. भरणारा भरत राहतो आणि वर पुन्हा अभय योजना येते, तिच्यात शास्ती माफ होते ती न भरणाऱ्याची.

"आम्ही कराचा दर वाढवला नाही" असं कोणी सांगितलं तर मूल्यांकन वाढवलं का, तेही विचारा. बिल या दोन्हींच्या गुणाकाराने ठरतं.

मग व्हायचं ते झालं. पाणीपुरवठ्याच्या पंपांचं वीजबिल थकलं. पथदिव्यांची जोडणी तोडायची नोटीस आली. ठेकेदाराची बिलं अडकली, म्हणून त्याने घंटागाडीवरच्या माणसांचे पगार अडकवले आणि ऐन सणात कचरा उचलणं बंद पडलं. नव्या पाणी योजनेला सरकारचा निधी मंजूर होता, पण नगरपरिषदेने भरायचा हिस्सा तिजोरीत नव्हता. घोडं तिथेच अडलं. त्यातच पंधराव्या वित्त आयोगाने 2021 नंतरच्या अनुदानाला अट घातली, की मालमत्ता कराचे किमान दर जाहीर करा आणि वसुलीची वाढ राज्याच्या उत्पन्नवाढीच्या बरोबरीने दाखवा. ज्यांनी आकारणी गोठवली होती त्यांची पंचाईत झाली.

प्रशासक आले, त्यांनी खासगी संस्थेकडून सर्वेक्षण करून घेतलं. इतक्या वर्षांची वाढ एकदम आली. काही घरांना तिप्पट. गावात मोर्चा निघाला, आणि त्याच्या पुढे कोण? स्थगितीचे फलक लावणारेच.

यातून ज्यांना स्वतःचा फायदा करून घ्यायचा आहे त्यांनी पुढचं नीट वाचावं. मोर्चा म्हणजे हरकत नव्हे. आमच्या गल्लीतल्या एका आजींच्या नोटिशीत गोठ्याची नोंद "व्यापारी वापर" अशी होती आणि पोटमाळा दुसरा मजला म्हणून धरला होता. मी त्यांच्या नातवाला बसवून साध्या कागदावर हरकत लिहून घेतली. सोबत गोठ्याचे फोटो, घरगुती दराचं वीजबिल आणि घराची फुटात मापं. मुदतीच्या आत आवक-जावक विभागात देऊन पोच घेतली. सुनावणीला आजी स्वतः गेल्या आणि साहेबांना म्हणाल्या, "गुरांचं भाडं कोण देतं ते सांगा." दोन्ही नोंदी दुरुस्त झाल्या. शेजारच्या आळीत अशाच चुका होत्या, पण तिथले लोक घोषणा देऊन घरी आले. त्यांची आकारणी कायम झाली.

एकदा यादी कायम झाली की अपिलाला जावं लागतं, आणि त्यासाठी कराची रक्कम आधी भरावी लागते. ती थांबवून ठेवाल तर महिना दोन टक्के म्हणजे वर्षाला चोवीस. बँकेचं गृहकर्ज यापेक्षा बरंच स्वस्त आहे. म्हणून नोटीस आली की चार गोष्टी तपासा: क्षेत्रफळ, बांधकामाचं वर्ष, वापर, आणि घरात मालक राहतो की भाडेकरू. बिलावरच्या सगळ्या ओळी नगरपरिषदेच्या नसतात, हेही पाहा. शिक्षण कर आणि बिगरनिवासी जागेवरचा रोजगार हमी कर ती सरकारसाठी गोळा करते.

सवलतींवर विसंबणाऱ्यांनी पुण्याकडे पाहावं. स्वतः राहणाऱ्या घरमालकांना तिथे 1970 पासून चाळीस टक्के सवलत होती. 2019 मध्ये ती काढली, फरकाची बिलं घरोघरी गेली, लोक हैराण झाले. 2023 मध्ये ती पुन्हा मिळाली, पण ज्यांची गेली होती त्यांना पीटी-3 नावाचा अर्ज पुराव्यांसह भरून द्यावा लागला. मुंबईत 2022 पासून 500 चौरस फुटांपर्यंतच्या घरांचा कर माफ आहे. लहान घराला सवलत देण्याला माझा विरोध नाही, उलट सरसकट गोठवण्यापेक्षा ते शतपटीने बरं. पण सवलतीने किती रक्कम बुडणार आणि ती कुठून भरून काढणार, हे त्याच ठरावात लिहिलेलं असावं. तसा ठराव मी अजून पाहिलेला नाही.

आता बऱ्याच वर्षांच्या प्रशासकीय कारभारानंतर नवे सदस्य निवडून आले आहेत. त्यांना माझं एवढंच सांगणं आहे, की दर चार वर्षांनी थोडी वाढ पदरात घ्या आणि ती लोकांना तोंडावर सांगा. जमेचा अंदाज मागच्या तीन वर्षांच्या प्रत्यक्ष जमेच्या फार वर गेला असेल तर सभेत कारण विचारा आणि उत्तर इतिवृत्तात नोंदवून घ्या. वसुली नव्वद टक्के झाली असं सांगितलं तर ते नव्वद टक्के चालू मागणीचे की थकबाकीसह, हे विचारल्याशिवाय टाळ्या वाजवू नका. महापालिकेत असाल तर पुढच्या वर्षाचे कराचे दर 20 फेब्रुवारीपर्यंत ठरवावे लागतात. तेव्हा ही चौकशी जानेवारीतच सुरू करा.

सदस्य विचारत नसतील तर तुम्ही विचारा. माहिती अधिकाराचा अर्ज दहा रुपयांत होतो. त्यात मालमत्ता कराची तीन वर्षांची मागणी, तीन वर्षांची प्रत्यक्ष जमा आणि सर्वांत मोठ्या पन्नास थकबाकीदारांची यादी मागा.