सशाचे घर

घरी ससे आणावयाचे ठरले की मुले प्रथम त्यांच्यासाठी नावे शोधू लागतात. वस्तुतः प्रथम शोधावयाची ती जागा होय. ससा येण्यापूर्वी त्याचे घर सिद्ध असले पाहिजे. भेदरलेला ससा खाणे सोडतो, आणि सशाचे आतडे तर सतत चालू राहावे लागते. ते थांबले की त्याचे प्राण संकटात सापडतात.

पाळीव ससा आणि आपल्या माळरानावर दिसणारा रानससा हे एक नव्हेत. रानससा बीळ खणीत नाही. तो गवतात दबून राहतो, आणि त्याची पिले जन्मतःच केसाळ व डोळे उघडलेली असतात. भारतात वन्य जीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये त्याला संरक्षण असल्यामुळे त्याला पकडून पाळता येत नाही. पाळीव सशाचे पूर्वज मात्र नैर्ऋत्य युरोपातले. ते बिळांत कळपाने राहत. त्यांची पिले उघडी व मिटल्या डोळ्यांची जन्मतात. या एका भेदावरून सशाच्या घराचे दोन नियम निघतात. एक, त्याला दडावयास अंधारी जागा हवी. दुसरा, त्याला सोबती हवा. पशुवैद्याकडून नसबंदी करून घेतलेली नर-मादीची जोडी बहुधा चांगली नांदते.

आता चंदीगढचे उदाहरण घेऊ. तेथे मे-जूनमध्ये पारा ४० अंश सेल्सिअसच्या वर चढतो, तर जानेवारीच्या रात्री कडाक्याच्या थंडीच्या असतात. दाट केस असलेला ससा कोरडी व निवाऱ्याची जागा मिळाली तर थंडी सहज सोसतो. उष्णता मात्र त्याला सोसत नाही. त्याला आपल्यासारखा घाम येत नाही. अंगातील उष्णता तो मुख्यतः कानांच्या पातळ त्वचेतील रक्तवाहिन्यांवाटे बाहेर टाकतो. हे केव्हा साधेल? बाहेरची हवा शरीराहून थंड असेल तेव्हाच. सशाचे तपमान सुमारे ३८.५ ते ४० अंश असते. म्हणजे पारा चाळिशीला पोहोचला की कानांचा हा उपाय निष्फळ ठरतो. धोका तर ३० अंशांच्या आसपासच सुरू होतो.

म्हणून घराची दिशा विचारपूर्वक निवडावी. चंदीगढ सुमारे ३०.७ उत्तर अक्षांशावर आहे. तेथे २१ जूनच्या मध्यान्ही सूर्य क्षितिजापासून सुमारे ८३ अंश उंच असतो. २२ डिसेंबरला केवळ ३६ अंश. दक्षिणेकडे तोंड असलेल्या भिंतीवर ६० सेंटिमीटर रुंदीची पडवी काढली, तर जूनच्या मध्यान्ही तिची सावली खाली चार मीटरांहून अधिक उतरते. डिसेंबरात जेमतेम ४३ सेंटिमीटर. अर्थात एकच पडवी उन्हाळ्यात सावली आणि हिवाळ्यात ऊन देते. पश्चिमेचे तिरपे ऊन मात्र पडवीने अडत नाही. त्यासाठी त्या बाजूस भिंत किंवा विटांची जाळी हवी. मॅक्सवेल फ्राय, जेन ड्रू आणि पिएर झानरे यांनी १९५० च्या दशकात या शहरातील घरे आखताना माणसांसाठी हाच विचार केला होता.

परंतु सावली उन्हाला अडविते, लू वाऱ्याला नव्हे. ऐन उन्हाळ्यात पिंजरा घरातील थंड खोलीत हलवावा व सशाजवळ फरशीचा थंड तुकडा ठेवावा. ससा धापा टाकू लागला किंवा निपचित पडला तर त्याचे कान पाण्याने ओलावावेत व त्याला विनाविलंब पशुवैद्याकडे न्यावे. बर्फाच्या पाण्यात मात्र बुडवू नये.

दोन सशांना वावरण्यासाठी सुमारे ३ मीटर लांब, २ मीटर रुंद व १ मीटर उंच जागा असावी, म्हणजे मागच्या पायांवर उभे राहिल्यास कान छताला लागत नाहीत. तळ सपाट असावा व त्यावर पेंढा किंवा वाळले गवत अंथरावे. नुसत्या तारेच्या जाळीवर राहिल्याने तळपायांना फोड येतात. आत दोन दारांची एक लाकडी पेटी ठेवावी. एका दाराशी भय वाटले तर दुसऱ्याने पळता येईल. मांजर, मुंगूस व भटकी कुत्री यांच्यासाठी जाळी मजबूत व कडी घट्ट हवी. विजेच्या तारा त्याच्या दातांच्या टप्प्याबाहेर असाव्यात. सशाचे दात आयुष्यभर वाढतात, म्हणून तो कुरतडल्यावाचून राहत नाही.

दात झिजविणारे खाद्य म्हणजे गवत. रोजच्या आहाराचा फार मोठा भाग हिरवे व वाळलेले गवत असावा. गाजर हा केवळ खाऊ. पाणी चोवीस तास हवे. कण्हेरीची पाने विषारी असतात. ती कुंपणाला असेल तर ससा तेथे सोडू नये. ससा आपलीच मऊ विष्ठा खाताना दिसला तर घाबरू नये. त्यातून त्याला जीवनसत्त्वे मिळतात. मात्र त्याने अर्धा दिवस काहीच खाल्ले नाही, तर पशुवैद्याला बोलावण्यास विलंब करू नये.

पहिले काही दिवस त्याला उचलू नये. जवळ बसून राहावे. उचलताना कान धरू नयेत. एक हात छातीखाली व दुसरा मागच्या पायांखाली असावा. मागचे पाय लोंबकळले आणि त्याने हिसका दिला तर पाठीचा कणा मोडू शकतो.

ससा सात-आठ वर्षे, क्वचित त्याहूनही अधिक जगतो. एवढ्या काळातील प्रत्येक उन्हाळ्यात त्याची काळजी कोण घेणार, हा प्रश्न मुलांनी व वडीलधाऱ्यांनी मिळून आधी सोडवावा, आणि मगच पेटीला खिळे ठोकावयास घ्यावेत.