दाराची मूठ कुणाशी जुळवायची?

(पुण्यात नव्या फ्लॅटचं काम काढलेली भाची आणि बरीच वर्षं घरांच्या अंतर्गत सजावटीत घालवलेली तिची मावशी.)

भाची: मावशी, बोहरी आळीत दोन तास घालवले आणि हात हलवत परत आले. स्वयंपाकघरात सगळं स्टील, बाथरूमचे नळ क्रोमचे, खिडक्यांच्या चौकटी काळ्या. त्यात आजीच्या वाड्यातल्या पितळी समया आणि दिंडीदरवाजाची ती मोठी कडी मला दिवाणखान्यात हवीच आहे. मग आतल्या दारांना हँडल्स कुठली लावू?

मावशी: सोफा जिथे येणार तिथे उभी राहा. तिथून काय काय दिसतं?

भाची: खिडकी, समयांचा कोनाडा, दोन बेडरूमची दारं आणि स्वयंपाकघराचा थोडा भाग.

मावशी: बाथरूमचे नळ दिसतात?

भाची: नाही.

मावशी: मग त्यांची काळजी इथे कशाला? माणसं घरातल्या सगळ्या धातूंची यादी करतात आणि ती वाचून घाबरतात. डोळा अशी यादी कधी करत नाही. एका जागी उभं राहून जेवढं दिसतं, तेवढ्याचंच एकमेकांशी जमावं लागतं. मात्र दारं प्रत्येक खोलीतून दिसतात. म्हणून मी आतल्या सगळ्या दारांना एकच धातू आणि एकाच घडणीचं हँडल लावते. दारं एकसारखी असली की बाकीचे धातू खुशाल बदलू देत.

भाची: मग पितळीच लावू ना? दुकानात गोल्ड फिनिश छान दिसत होतं.

मावशी: समयांशेजारी ते धरून पाहिलंस? जुन्या पितळेत तांबूस, तपकिरी छटा असते, कारण ते वर्षानुवर्षं काळवंडलंय आणि घासलंही गेलंय. तुझं गोल्ड फिनिश पिवळंधमक आणि एकसारखं. दोन्ही एका नजरेत आली की जुळवायला गेलो आणि फसलो, असं वाटतं. उघडपणे वेगळे धातू शेजारी चालतात. जवळजवळ सारखे असलेले चालत नाहीत. स्टील आणि पितळ डोळ्याला खटकत नाहीत. दोन कंपन्यांचे दोन सोनेरी रंग हमखास खटकतात.

भाची: म्हणजे स्टील.

मावशी: तुझ्या घरात हो, मॅट स्टील. स्वयंपाकघराशी ते जमतं, खिडक्यांच्या काळ्याशी त्याचं भांडण नाही, आणि समया व कडी उठून दिसतात. काळा रंग कुठल्याही धातूशी पटवून घेतो. पण पितळ एकाच ठिकाणी ठेवू नकोस, चुकून राहिल्यासारखं दिसतं. कोनाड्यात समया, मुख्य दाराला कडी आणि त्याच दाराला खऱ्या पितळेचं हँडल, एवढं पुरे. मुख्य दाराचा मान वेगळा, त्याला वेगळा धातू शोभतो.

भाची: दुकानदार म्हणाला, फिनिश कुठलंही घ्या, माल एकच.

मावशी: इथे मात्र थांब, कारण पैसे इथेच बुडतात. रंग सगळ्यात वरचा थर. खालचा धातू काय आहे, ते विचारायचं. स्वस्तातली बरीचशी हँडल्स जस्ताच्या मिश्रधातूची, साच्यात ओतलेली असतात आणि वर निकेल-क्रोमचा पातळ मुलामा. बोटांचा घाम, अंगठ्या, बांगड्या यांनी तो मुलामा आधी तुटतो तो कडेला. मग आत ओल शिरते, बारीक फोड येतात, आणि ते हँडल पुन्हा चकचकीत होत नाही. भरीव पितळ किंवा स्टेनलेस स्टील झिजलं तरी आतून तेच निघतं.

भाची: लोहचुंबक लावून कळतं म्हणतात.

मावशी: लोखंड पकडता येतं, तेवढंच. पितळ आणि जस्त, दोन्हींना चुंबक चिकटत नाही. स्टेनलेसमध्येही ३०४ आणि २०२ असे दोन प्रकार बाजारात शेजारी शेजारी असतात. चुंबकाने त्यांच्यातला फरक कळत नाही. ३०४ मध्ये साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असतं. २०२ मध्ये महाग निकेल कमी करून मँगनीज घातलेलं असतं, त्यामुळे ओल्या जागी त्यावर तांबूस डाग लवकर येतात. म्हणून ग्रेड बिलावर लिहून घ्यायचा. लिहायला टाळाटाळ झाली तर दुसरं दुकान गाठायचं.

भाची: आणि रत्नागिरीला सासरी? तिथली पण दोन दारं बदलायची आहेत.

मावशी: खाऱ्या हवेत ३०४ सुद्धा डागाळतं. तिथे ३१६ घे, त्यात दोन ते तीन टक्के मॉलिब्डेनम असतं आणि मिठाला ते जास्त टिकतं. नाहीतर सरळ भरीव पितळ. काळवंडेल, पण गंजून जाणार नाही. कोकणातल्या जुन्या घरांतल्या पितळी कड्या बघ, अजून धडधाकट आहेत. आणि स्क्रू! पितळी हँडलला सुतार खिशातले लोखंडी स्क्रू मारतो. ओल आली की दोन धातूंमध्ये बारीक विद्युतप्रवाह सुरू होतो आणि त्यात लोखंड झिजतं. एवढ्या मोठ्या पितळेपुढे तो इवलासा स्क्रू किती टिकणार? गंजाचा ओघळ दारावर उतरतो आणि लोक नावं ठेवतात हँडलला. ज्या धातूचं हँडल त्याच धातूचे स्क्रू, हे सुताराला माल देतानाच सांग.

भाची: मुख्य दाराचं पितळ दर आठवड्याला पितांबरीने घासायचं का मग?

मावशी: त्यावर पारदर्शक लॅकर असेल तर अजिबात नाही, लॅकर जागोजागी सुटून चट्टे पडतील. एकसारखं चमकतं पितळ हवं असेल तर पीव्हीडी केलेलं घे. निर्वात पेटीत धातूच्या वाफेचा कठीण थर बसवतात, तो मुलाम्यापेक्षा खूप टिकतो. मला स्वतःला लॅकरशिवायचं, उघडं पितळ आवडतं. हात लागतो तिथे उजळ राहतं, कोपऱ्यांत गडद होतं, आणि तुझ्या कडीशी जुळेल असं नवं पितळ तेवढंच. शिवाय उघड्या तांब्या-पितळेवर जंतू फार वेळ तग धरत नाहीत. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने २००८ मध्ये तांब्याच्या मिश्रधातूंची जंतुनाशक पृष्ठभाग म्हणून नोंदणीच केली. लॅकर लावलं की धातू झाकला जातो आणि तो गुण गेला.

भाची: बाथरूमच्या दाराचं काय? आतून क्रोम, बाहेरून स्टील, असं करू?

मावशी: दोन बाजूंना दोन फिनिश करता येतात, पण त्यासाठी एकाच मॉडेलचे दोन जोड घ्यावे लागतात. मॅट स्टील आणि क्रोम दोन्ही थंड रंगाचे, एक मंद, एक चकचकीत. तिथे खर्च नको. उलट बिजागऱ्यांकडे बघ, त्या सगळे विसरतात. दार ज्या खोलीत उघडतं त्या खोलीतून बिजागरीचा गोल कणा दिसतो. हँडल स्टीलचं आणि बिजागरी पिवळी, हे रोज पलंगावरून दिसेल. बिजागऱ्या, स्टॉपर, आतली कडी, सगळं हँडलच्या धातूचं घे.

भाची: दुकानात आवडलं, घरी वेगळं दिसलं तर?

मावशी: दिसणारच. दुकानात पांढराशुभ्र प्रकाश, तुझ्याकडे संध्याकाळी पिवळा. स्टील त्यात उबदार वाटतं, निकेल तर जवळजवळ पिवळसर. एक नमुना घरी आण, दाराच्या लॅमिनेटवर धरून रात्री बघ. ठरलं की सगळा माल एकदम घे, एक जोड जास्तीचा. पुढच्या खेपेच्या मालाची छटा तीच असेल याची खात्री नाही.

भाची: मापं?

मावशी: दाराची जाडी लॅमिनेटसकट. त्यावर लॉकच्या सिलिंडरची लांबी ठरते. लांब घेतलास तर तो बाहेर डोकावतो. जुनं मॉर्टिस लॉक ठेवून फक्त हँडल बदलायचं असेल तर हँडलच्या मध्यापासून किल्लीच्या भोकाच्या मध्यापर्यंतचं अंतर मोज. आपल्याकडे ते बहुधा ८५ मिलिमीटर असतं, पण मोजल्याशिवाय पैसे देऊ नकोस.

भाची: आकार? गोल नॉब मला गोड वाटतात.

मावशी: आजी राहायला येणार ना? सांधे दुखणाऱ्या हाताला नॉब फिरवता येत नाही. आडवं हँडल कोपरानेही दाबता येतं. त्याचं टोक दाराकडे वळलेलं बघून घे, म्हणजे पदर, ओढणी अडकत नाही. आणि बाथरूमचं लॉक बाहेरून नाणं घालून उघडता येईल असंच हवं. फिनिश आवडलं म्हणून यातलं काही सोडू नकोस.

भाची: मग उद्याच आणून सुताराला बसवायला सांगते.

मावशी: आण, पण बसवू नकोस. लॉकसाठी खाचा पाडून, एकदा बसवून बघू देत, आणि हँडल्स परत खोक्यात. फरशी धुवायला शेवटी जे ॲसिड आणतात, त्याच्या वाफेने नवंकोरं स्टील एका दुपारीत डागाळतं आणि पितळही काळं पडतं. रंगकाम होऊ दे, फरशी स्वच्छ पाण्याने धुऊन घर दोन दिवस उघडं राहू दे. मग हँडल्स लाव.