खताच्या खड्ड्यातील अळी, बेडूक आणि पहिले शील

मृगाच्या पहिल्या सरी पडल्या की वसतिगृहाच्या व्हरांड्यातील दिव्याभोवती तपकिरी भुंगेरे आदळू लागतात आणि भिंतीच्या कडेकडेने खडबडीत पाठीचे भेक त्यांना टिपत फिरतात. अशाच एका संध्याकाळी लहान वर्गातील मुलांनी एक भेक जुन्या काचेच्या पेटीत ठेवला आणि सकाळी शेणखताच्या खड्ड्यातून गुबगुबीत पांढऱ्या अळ्या उकरून आणल्या. शहरांत हौसेने बेडूक पाळणारे लोक भुंगेऱ्यांच्या अळ्यांकडून दोन कामे करून घेतात, असे त्यांनी ऐकले होते. अळी बेडकाचा चारा होते आणि उरलेली अळी पेटीतील घाण खाऊन टाकते. इतक्यात एका विद्यार्थ्याने विचारले, “आपण रोज शील घेतो, मग ही अळी बेडकापुढे टाकली तर चालेल का?” त्या वेळी आम्ही दिलेले उत्तर घाईचे होते. प्रश्न मात्र मोलाचा होता. या पाठात त्याचा सावकाश विचार करू.

अळी कोणती?

भुंगेऱ्याच्या आयुष्यात अंडी, अळी, कोष आणि प्रौढ अशा चार अवस्था असतात. जगात भुंगेऱ्यांच्या साडेतीन लाखांहून अधिक जाती नोंदल्या गेल्या आहेत; म्हणून “पांढरी अळी” एवढ्यावरून तिची ओळख पटत नाही. आपल्या भागात इंग्रजी ‘सी’ अक्षरासारखी वाकलेली, तपकिरी डोक्याची, तीन पायजोड्यांची अळी दिसली की शेतकरी तिला हुमणी म्हणतो. हुमणीचे भुंगेरे वळवाच्या पावसानंतर जमिनीतून बाहेर पडतात, तिन्हीसांजेला कडुनिंब आणि बाभळीवर जमतात, पाला खातात आणि मग मातीत अंडी घालतात. लहान अळी आधी कुजलेल्या पदार्थांवर जगते. मोठी झाली की ऊस, सोयाबीन, भुईमूग, ज्वारी यांची मुळे कुरतडते. गंगाखेड-पाथरीकडील गोदाकाठच्या उसात वाळलेले बेट हाताने सहज उपटून येते, तेव्हा मुळाशी बहुधा हीच सापडते.

पण खड्ड्यातील प्रत्येक अळी हुमणी नसते. फुलभुंगेऱ्यांच्या अळ्याही अगदी तशाच दिसतात. त्यांचे अन्न म्हणजे कुजणारा पाला, शेण आणि काडीकचरा. जिवंत मुळांच्या वाटेला त्या सहसा जात नाहीत. ओळखण्याची परीक्षा सोपी आहे. अळी सपाट फरशीवर ठेवावी. पाय वर करून ती पाठीवर सरपटत निघाली तर ती फुलभुंगेऱ्याची. कुशीवर पडून वळवळत राहिली किंवा पायांनी रेटू लागली तर ती हुमणीची किंवा गेंड्या भुंग्याची असण्याचा संभव अधिक. त्या दिवशी मुलांनी आणलेल्या अळ्यांपैकी बहुतेक पाठीवर चालल्या. ज्यांना आपण शत्रू समजून चिरडत होतो, त्या आपल्या खड्ड्यातील सफाई कामगार निघाल्या.

चारा आणि सफाई

ही सफाई कशी होते? अळीच्या आतड्याच्या मागच्या फुगीर भागात असंख्य सूक्ष्मजीव राहतात. काडीकचऱ्यातील चिवट तंतू तेच फोडतात. अळीच्या विष्ठेचे कोरडे दाणे पुढे चांगले खत होतात. हाच गुण ओळखून प्राणी पाळणारे पिठातील अळ्या कोंड्यावर वाढवतात, ओलाव्यासाठी गाजराचा किंवा बटाट्याचा काप देतात. चाऱ्यासाठी नाकतोडे वा रातकिडे ठेवलेल्या डब्यात काही जातींचे भुंगेरे आणि त्यांच्या अळ्या मेलेले किडे आणि टाकलेल्या काती खाऊन डबा स्वच्छ ठेवतात. संग्रहालयांत तर सांगाड्यांवरील वाळलेले मांस काढण्याचे नाजूक काम चामडे खाणाऱ्या भुंगेऱ्यांकडून करून घेतात.

तरीही अळी म्हणजे बेडकाचे पूर्ण अन्न नव्हे. पिठातील अळीत स्फुरद अधिक आणि कॅल्शियम फार कमी असते. केवळ तिच्यावर पोसलेल्या बेडकाची हाडे मऊ पडतात. म्हणून जाणकार अळीवर कॅल्शियमची भुकटी भुरभुरतात आणि चारा बदलत राहतात. बेडूक हलणाऱ्या भक्ष्यावरच झेप घेतो. मातीत शिरलेली अळी त्याच्या लेखी नसल्यासारखीच. शिवाय तो पाणी तोंडाने पीत नाही, कातडीतून शोषतो. त्याच वाटेने आपल्या हाताचा साबण किंवा फवारणीचे औषधही त्याच्या अंगात उतरते.

कोण कोणाचा चारा, हेही कायमचे ठरलेले नसते. एपोमिस नावाच्या भूभुंगेऱ्याची अळी आपले जबडे आणि स्पर्शिका हलवून बेडकाला जवळ बोलावते आणि त्याने झडप घातली की चुकवून त्यालाच चिकटते. मग बेडूकच तिचे अन्न होतो. इस्रायलमधील संशोधकांनी 2011 मध्ये हे निरीक्षण प्रसिद्ध केले.

दोन खंडांना पुरेल असा धडा

पेटीत चालते ते शिवारात चालेलच असे नाही. ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँडमध्ये उसाची मुळे खाणाऱ्या, आपल्या हुमणीच्याच गोतावळ्यातील अळ्यांना आवर घालण्यासाठी 1935 मध्ये हवाईहून सुमारे शंभर भेक आणून सोडले गेले. अळ्या जमिनीखाली आणि भुंगेरे उंचावर. भेकांच्या तोंडी ते फारसे लागले नाहीत. भेक मात्र देशाच्या उत्तर आणि पूर्व भागांत दूरवर पसरले आणि त्यांच्या विषाने तेथील कित्येक प्राणी मेले. त्याच देशात गायीगुरांचे शेण माळावर महिनोन्‌महिने पडून राही, कारण तेथील भुंगेरे कांगारूंच्या कोरड्या लेंड्यांना सरावलेले होते. 1968 पासून बाहेरून आणलेल्या शेणकिड्यांनी ते शेण जमिनीत गाडले आणि कुरणे मोकळी केली. एक पाहुणा उपद्रवी ठरला, दुसरा उपकारक. फरक होता तो जीवनक्रम नीट अभ्यासण्याचा.

आपल्याकडे भेक आणि बेडूक पाहुणे नाहीत, घरचेच आहेत. दिव्याखाली उतरलेला भुंगेरा अंडी घालण्यापूर्वीच ते टिपतात. परदेशी ताटांसाठी बेडकांचे पाय निर्यात करण्यावर भारताने 1987 मध्ये बंदी घातली. शेतातील किडी खाणारा हा प्राणी संपू नये, हे त्यामागचे एक मोठे कारण होते.

शिलाचा प्रश्न

आता त्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाकडे वळू. त्याच्या वडिलांच्या शेतात हुमणी लागली होती आणि घरची मंडळी रात्री कडुनिंबाच्या फांद्या हलवून भुंगेरे रॉकेलच्या पाण्यात टाकत होती. त्याच्या मनातील खरी शंका बेडकाची नव्हतीच, आपले आईवडील शील मोडतात का, ही होती.

1957 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात बाबासाहेबांनी या शंकेला वाट दाखवली आहे. अहिंसा हा आंधळेपणाने पाळायचा नियम नसून विचाराने आचरायचे तत्त्व आहे, आणि मारण्याची इच्छा व मारण्याची गरज यांत भेद केला पाहिजे, असे ते सांगतात. पीक वाचवणाऱ्या शेतकऱ्यापुढे गरज असते. पाठीवर चालणारी निरुपद्रवी अळी गंमत म्हणून चिरडणाऱ्यापुढे केवळ इच्छा. पण गरज आहे की नाही हे ओळखण्यासाठी आधी अळी ओळखावी लागते. म्हणून येथे विज्ञान शिलाच्या आड येत नाही, शील पाळायला तेच हाताशी येते. हिरवी पिके आणि बारीक जीव पायाखाली तुडवले जाऊ नयेत, म्हणून भिक्खूंनी आषाढ पौर्णिमेनंतर तीन महिने एका जागी राहावे, ही वर्षावासाची प्रथाही अशाच निरीक्षणातून आली.

त्याच संध्याकाळी मुलांनी भेक बागेच्या ओलाव्यात सोडून दिला. आमच्या मते आपल्या शाळेसाठी पेटीपेक्षा खड्डाच उत्तम प्रयोगशाळा आहे. पालकांना आणि माजी विद्यार्थ्यांना चार गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. अर्धे कच्चे शेणखत शेतात नेऊ नका. त्याबरोबर अळ्याही जातात. खत पसरण्यापूर्वी अळ्या वेचून फरशीवर चालवून पाहा. पाठीवर चालतील त्यांना खड्ड्यात परत सोडा. हुमणी असेल तर पहिल्या पावसानंतर गावाने मिळून भुंगेरे गोळा करा, आणि मेटारायझियम बुरशीच्या वापराविषयी परभणीच्या कृषी विद्यापीठात विचारा. बांधावर थोडा ओलावा आणि दगडाचा आडोसा राहू द्या. बेडूक आपण होऊन येतील.

तो विद्यार्थी सुटीत घरी गेला, तेव्हा खिशात फरशीचा एक तुकडा घेऊन गेला. अळ्या चालवून पाहायला शेतात सपाट जागा नसते, असे त्याचे म्हणणे होते.