सीएमएलची गोळी कशी घ्यावी

सीएमएल म्हणजे क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया, रक्ताचा कर्करोग. पांढऱ्या पेशी लाखाच्या वर आणि पाणथरी सुजलेली, एवढ्यावर त्याची गोळी, इमॅटिनिब, सुरू करत नाहीत. आधी बीसीआर-एबीएल तपासणी. ९ आणि २२ क्रमांकाच्या गुणसूत्रांच्या तुकड्यांची अदलाबदल होऊन हा जनुक बनतो. त्याचं प्रथिन पेशींना वाढतच ठेवतं आणि गोळी नेमकी त्यालाच अडवते. पनवेलहून त्यासाठी परळच गाठायला हवं असं नाही. हार्बरने खांदेश्वर, मानसरोवर, मग खारघर. टाटा मेमोरियलचं अ‍ॅक्ट्रेक तिथेच आहे. जुने रिपोर्ट सोबत न्या.

डोस डॉक्टर ठरवतात, बहुधा रोज ४०० मिलिग्रॅम. दिवसातलं मोठं जेवण झालं की मोठा ग्लासभर पाण्याबरोबर घ्या. गिळवत नसेल तर २०० मिलि पाण्यात टाकून चमच्याने ढवळा, विरघळली की लगेच प्या. उपवास असेल तर साबुदाण्याची खिचडी खाऊन घ्या, पण उपाशीपोटी नको, मळमळतं. (निलोटिनिब या सीएमएलच्याच दुसऱ्या औषधाच्या नेहमीच्या कॅप्सूलचा नियम बरोबर उलटा, तेव्हा शेजारच्या पेशंटचं ऐकू नका.) एखादा दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी दोन नकोत. ग्रेपफ्रूट, पपनस आणि कुणी सुचवलेले काढे बंद. गर्भधारणेचा विचार असेल तर आधी डॉक्टरांशी बोला.

सकाळी डोळ्यांभोवती सूज, रात्री पोटऱ्यांत गोळे हे बऱ्याच जणांना होतं. दम लागला, वजन झपाट्याने वाढलं, ताप आला किंवा रक्त येऊ लागलं तर थांबू नका, डॉक्टरांना गाठा.

पहिल्या महिन्यात दर आठवड्याला सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची मोजणी. तो लवकरच नॉर्मल येतो, आणि खरा घोटाळा इथेच होतो: ‘बरं झालं’ म्हणून गोळी सुटते. सीबीसीला न दिसणारा आजार बीसीआर-एबीएल मोजणाऱ्या पीसीआरला दिसतो. ही तपासणी दर तीन महिन्यांनी, शक्यतो एकाच लॅबमध्ये करा. आकडा तीन महिन्यांनी १० टक्के, सहा महिन्यांनी १ टक्का आणि वर्षाने ०.१ टक्का किंवा त्याखाली हवा. वाढला तर डॉक्टर आधी विचारतील, गोळ्या किती चुकल्या? खरं सांगा. चुकल्या नसतील तर म्युटेशन तपासून डॅसॅटिनिबसारखं दुसरं औषध देता येतं.

१ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने या औषधावरचा नोव्हार्टिस कंपनीचा पेटंटचा दावा फेटाळला. जेनेरिक इमॅटिनिब इथे मिळतं. तरी पैशांची ओढाताण असेल तर रुग्णालयाच्या समाजसेवा विभागात महात्मा जोतीराव फुले योजनेची चौकशी करा, आणि पाकीट संपायच्या आठवडाभर आधी पुढचं आणून ठेवा.