घाणेरी

मुलांनो, सातारा-सांगलीच्या डोंगरउतारांवर लाल-पिवळ्या फुलांची काटेरी झुडुपे तुम्ही पाहिली असतील. हीच घाणेरी किंवा टणटणी. पान चुरगळले की उग्र वास येतो, म्हणून हे नाव. ही मूळची अमेरिकेची. सुमारे २०० वर्षांपूर्वी इंग्रजांनी ती बागेच्या शोभेसाठी भारतात आणली. पक्ष्यांनी तिची काळी फळे खाल्ली आणि बिया रानोमाळ पसरवल्या. हवाई बेटांवरही असेच घडले. तिच्या दाट जाळीखाली गवत वाढत नाही. मग शेळ्यामेंढ्यांनी चरावे कोठे? तिचा पाला खाल्ल्यास गुरे आजारी पडतात. नुसती तोडली, तर ती पुन्हा फुटते. म्हणून फळे धरण्यापूर्वीच ती मुळासकट उपटावी.

शब्दार्थ : उग्र – तीव्र, रानोमाळ – सर्व रानांत

स्वाध्याय : घाणेरी दूरवर कशी पसरली?