हिमयुगातील सागरी बर्फाचा मागोवा

पर्वतावरून सरकणारी हिमनदी आपल्या वाटेवर खुणा ठेवून जाते. खडकांवर ओरखडे उमटतात, दगडगोट्यांचे ढीग मागे राहतात. समुद्रावर गोठलेला बर्फ मात्र वितळला की पाण्यात मिसळून जातो. मग सुमारे २१,००० वर्षांपूर्वी, अखेरचे हिमयुग ऐन भरात असताना, ध्रुवीय समुद्रांचा किती भाग गोठलेला होता, हे कसे ठरवावयाचे? या प्रश्नाचे उत्तर प्रामुख्याने सागरतळीच्या गाळात सापडते.

समुद्राच्या वरच्या थरात डायाटम नावाची सूक्ष्म शैवाले वाढतात. त्यांची कवचे सिलिकाची असल्यामुळे ती तळाशी जाऊन हजारो वर्षे टिकू शकतात. दक्षिण महासागरातील फ्रॅजिलॅरिऑप्सिस कर्टा आणि सिलिंड्रस या जाती बर्फाच्या सान्निध्यात विपुल असतात. जहाजावरून लांब नळी तळात रुतवून गाळाचा स्तंभ वर काढतात व किरणोत्सर्गी कार्बनाच्या साहाय्याने त्यातील थरांचे वय ठरवितात. आज जेथे हिवाळ्यातही समुद्र गोठत नाही, तेथील जुन्या थरांत ही कवचे पुरेशा प्रमाणात आढळली, तर बर्फाची सीमा तेथवर पोचली होती, असे अनुमान निघते. या अनुमानाची कसोटी म्हणून तळावरील अलीकडच्या गाळाची उपग्रहांनी टिपलेल्या आजच्या बर्फसीमेशी तुलना केली जाते.

पहिला व्यापक नकाशा ‘क्लायमॅप’ या आंतरराष्ट्रीय प्रकल्पाने तयार केला. १९८१ मधील त्याच्या नकाशांत अंटार्क्टिकाभोवती उन्हाळ्यातही फार विस्तीर्ण बर्फ दाखविला होता, तर नॉर्वे व ग्रीनलंड यांमधील समुद्र बारमाही गोठलेला मानला होता. पुढील पुराव्यांनी दोन्ही निष्कर्ष बदलले. उत्तरेकडील हा समुद्र उन्हाळ्यात बराचसा मोकळा होत असे. दक्षिणेकडे २००५ मधील एका अभ्यासाने हिवाळी बर्फाचे क्षेत्र ३ कोटी ९० लाख चौरस किलोमीटर, म्हणजे आजच्या सुमारे दुप्पट ठरविले. नंतरचे काही अंदाज त्याहून कमी आहेत. उन्हाळी बर्फ मात्र क्लायमॅपने मानला त्याहून बराच मर्यादित होता.

उत्तर ध्रुवीय प्रदेशात आणखी एक साधन उपयोगी पडते. बर्फात राहणारे काही डायाटम ‘आयपी-२५’ हे रसायन तयार करतात. त्याचा सागरी बर्फाशी असलेला संबंध २००७ मध्ये मांडण्यात आला. परंतु हे रसायन गाळात नसण्याची कारणे दोन असू शकतात: एक तर बर्फच नव्हता, किंवा तो इतका दाट व बारमाही होता की प्रकाशाअभावी शैवाले वाढलीच नाहीत. म्हणून मोकळ्या पाण्यातील शैवालांच्या खुणाही सोबत तपासाव्या लागतात.

हे संशोधन केवळ कुतूहलापोटी नाही. बर्फ बराचसा सूर्यप्रकाश परत पाठवितो. मोकळा समुद्र तो शोषून घेतो. त्यामुळे बर्फ घटला की तापमानवाढीला बळ मिळते. उद्याच्या हवामानाचे भाकित करणारी संगणकीय प्रारूपे हिमयुगाचे चित्र अचूक उभे करतात की नाही, ही त्यांची एक मोठी परीक्षा आहे. गोव्यातील वास्को येथील राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्रातही दक्षिण महासागरातील गाळाचा अभ्यास होतो. तळाशी साचलेली ही कवचे भूतकाळाची साक्ष देतात. भविष्याचा अंदाज बांधताना ती साक्ष नीट वाचणे अगत्याचे आहे.